एक मिली

उंची करंगळीएवढी, अंग काचेचं, मान नाजूक, पोटात फिकट पिवळं तेल. पाळण्यातलं नाव सस्टॅनॉन २५०. आमच्या गंगापूर रोडच्या जिममधली पोरं त्याला लाडानं ‘टेस्टो’ म्हणतात.

पुढच्या दारानं तो कधी येत नाही. प्रोटीनच्या डब्यामागून, रुमालात गुंडाळून, बहुधा शरीरसौष्ठवाच्या ‘श्री’ स्पर्धेआधी दोन-तीन महिने येतो. तेल घट्ट, म्हणून आधी तळव्यात धरून ऊब द्यायची, मग मान मोडायची. टक्! आरशासमोरचं कोणी वळून बघत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

तेल शेंगदाण्याचं. आजोबा मूठभर शेंगदाण्यांवर तालमीत जोर काढायचे. याचा संसार त्याच तेलात. पोटात टेस्टोस्टेरॉनची चार भावंडं: प्रोपिओनेट ३० मिलिग्रॅम, फिनाइलप्रोपिओनेट आणि आयसोकॅप्रोएट ६०-६०, डेकॅनोएट १००. पहिलं घाईचं, शेवटचं आठवडे रेंगाळणारं. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला पाच-सात मिलिग्रॅम बनवतं. हा एका टोचणीत महिनाभराचा ऐवज आणतो. ज्यांच्या शरीरात ते बनतच नाही, त्यांच्यासाठी हा देवमाणूस. डॉक्टरच्या चिठ्ठीवर तीनेक आठवड्यांनी हजेरी. बिघडला तो संगतीनं.

घराणं बडं. १८८९ साली पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार्ड या शास्त्रज्ञानं कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचला आणि आपण तरणे झालो असं जाहीर केलं. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन हाती लागलं, प्रयोगशाळेत बनलंही, आणि १९३९ चं नोबेल घराण्यात आलं. १९५८ मध्ये सिबा कंपनीनं डायनाबोलची गोळी काढली, ती अमेरिकन वेटलिफ्टरांच्या खिशात गेली. १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकला धावपटू बेन जॉन्सनचं सुवर्णपदक गेलं ते स्टॅनोझोलोल या भाऊबंदामुळे.

आमच्या जिममध्ये निफाडकडचा एक पोरगा आहे, द्राक्षवाल्याचा. पहिल्या वेळी बिचकला होता. “सर, नक्की काय होतं यानं?” सर म्हणाले, “तुझे वडील घडाला जीए देतात ना? तसंच. मणी फुगतो.” पोरगा हसला आणि पाठ करून उभा राहिला.

सरांची उपमा त्यांना वाटली त्याहून खरी निघाली. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हेही संप्रेरकच. आणि हिशेब चुकला तर मणी फुगतो, पण पुढच्या हंगामाला डोळ्यातून घड निघायच्या ठिकाणी वेलतणावा निघतो. पोराच्या अंगातही तेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वृषणांना कामाचा हुकूम तिचा. रक्तात बाहेरचा माल उतू जातोय म्हटल्यावर ती हुकूम थांबवते. घरचा कारखाना बंद, वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू शून्याकडे जातात. आयत्या बिळावर नागोबा! जादा मालाचं थोडं इस्ट्रोजेनही होतं, मग पीळदार छातीवर स्तनाची गाठ धरते. जिमच्या भाषेत ‘गायनो’. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, रक्त दाटतं, हृदयाची भिंत जाड होते. हा स्नायू मात्र आरशात दिसत नाही. आणि पाहुणा निघून गेला की कारखाना लगेच सुरू होत नाही. महिने जातात, पोरगा उदास, गळाल्यासारखा फिरतो.

परवा त्याच्या बागेत गेलो होतो. वडिलांनी कौतुकानं वही दाखवली. जीएचं एकेक डिपिंग तारीखवार: किती पीपीएम, किती लिटर पाणी. म्हणाले, “युरोपचा माल आहे. लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय कंटेनर हलत नाही.”

पोरगा शेजारी उभा होता, दंडावर शर्ट तटतटलेला. त्याची वही नाही. मोडलेल्या काचेच्या माना तेवढ्या जिमच्या कचऱ्याच्या डब्यात, केळीच्या सालींखाली.