स्प्रिंगफील्डची टोपली

अमेरिकेस जाऊन येणाऱ्या आपल्याकडील मंडळींचीं प्रवासवर्णनें वाचलीं, तर नायगाऱ्याचा धबधबा, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता आणि वॉशिंग्टन येथील भव्य मंदिरें ह्यांपलीकडे त्यांची दृष्टि क्वचितच जाते. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड हें गांव ह्या यादींत सहसा येत नाहीं, व त्यांत नवलही नाहीं. कनेक्टिकट नदीच्या पूर्वतीरावरील हें जुनें उद्योगी शहर. एके काळीं सरकारी बंदुकांच्या कारखान्याबद्दल प्रसिद्ध होतें. तथापि ज्या घरांत शाळकरी मुलें आहेत, तेथील वडील मंडळींनीं वाट वाकडी करून येथें एक दिवस अवश्य काढावा, असें आमचें मत झालें आहे. बास्केटबॉल ह्या खेळाचा जन्म ह्याच गांवीं झाला, आणि त्या खेळांतील नामांकितांचें स्मारकमंदिरही येथेंच आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त शेजारच्या कनेक्टिकट संस्थानांत राहतात. तेथून ते, सूनबाई, तेरा वर्षांचा नातू आणि आम्ही अशी चौघांची स्वारी नदीच्या कांठाकांठानें उत्तरेस निघाली. गांव जवळ येतांच महामार्गावरूनच एक प्रचंड रुपेरी गोल दिसूं लागतो. हेंच तें मंदिर. संस्था १९५९ सालची. तिची पहिली इमारत १९६८ सालीं उघडली, आणि आजची इमारत २००२ सालची आहे. आंत शिरून वर पाहिलें म्हणजे घुमटाच्या पोटांत सन्मानितांच्या तसबिरी वर्तुळाकार मांडलेल्या दिसतात. खालीं पाहिलें म्हणजे तळमजल्यावर खरेंखुरें क्रीडांगण, आणि तेथें येणाऱ्या कोणासही चेंडू टाकून पाहण्याची मुभा! गाभाऱ्यांत पोरांना धुडगूस घालूं देणारें हें देऊळ आम्हांस मनापासून आवडलें.

खेळाच्या जन्माची कथा मोठी मौजेची आहे. १८९१ सालच्या हिवाळ्यांत येथील ख्रिस्ती तरुणसंघाच्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे कानडा देशचे एक तरुण शिक्षक होते. बाहेर बर्फ, आंत अठरा दांडगे विद्यार्थी, आणि कवाइतीस सारे कंटाळलेले. चौदा दिवसांत एखादा नवा खेळ शोधून काढा, अशी वरिष्ठांची आज्ञा झाली. (उभा जन्म शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्यास ह्या आज्ञेचा मासला अगदीं ओळखीचा वाटला.) नेस्मिथांनीं विचार केला कीं, धसमुसळेपणा कां होतो? चेंडू घेऊन धांवणाऱ्यास अडवावें लागतें म्हणून. तेव्हां चेंडू घेऊन धांवणेंच बंद! पुन्हां, लक्ष्य जमिनीलगत असलें म्हणजे जो तो अंगांतलें बळ लावून चेंडू फेंकतो. लक्ष्य डोक्यावर नेऊन त्याचें तोंड आकाशाकडे केलें, तर बळ फुकट जाईल आणि चेंडू कमानदार सोडावा लागेल. लहानपणीं आपल्या गांवीं ते दगडावरचा दगड नेमानें पाडण्याचा एक खेळ खेळत, त्यावरून त्यांना ही युक्ति सुचली. शाळेच्या गड्यापाशीं पेट्या मागितल्या. त्यानें पीचच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या, तो कठडा होता दहा फूट उंचीवर. आणि आजतागायत ती उंची एक इंचही बदललेली नाहीं. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. पहिल्या डावांत अवघा एकच गोल झाला, आणि टोपलीस बूड असल्यामुळें चेंडू काढावयास शिडी लावावी लागली.

ह्या कथेंतील मर्म आम्हांस असें दिसतें कीं, बळाला लगाम घालावा म्हणून हा खेळ निघाला. आणि त्याच खेळांत आज साडेसहा फूट हा सामान्य माणूस गणला जातो! आमच्या नातवास त्याच्या शाळेच्या संघांत ह्या वर्षीं घेतलें नाहीं, तें उंची कमी म्हणून. बिचारा रोज संध्याकाळीं दाराच्या चौकटीवर आपली उंची पेन्सिलीनें आंखून पाहत असे.

घुमटाखालीं उभें राहतांच वादाला तोंड फुटलें : धंदेवाईक खेळाडूंत सर्वांत कुशल कोण? चिरंजीवांचें दैवत मायकेल जॉर्डन. १९९१ ते १९९८ ह्या आठ वर्षांत सहा अजिंक्यपदें. मग बोलणेंच खुंटलें, असें त्यांचें म्हणणें. आम्ही म्हणालों, अजिंक्यपदें मोजावयाचीं तर बॉस्टनच्या बिल रसेल यांचीं तेरा वर्षांत अकरा भरतात. गुण मोजावयाचे तर विल्ट चेंबरलेन यांनीं २ मार्च १९६२ रोजीं हर्शी गांवीं एकट्यानें शंभर केले. परंतु ही मोजदाद श्रेष्ठत्वाची झाली. कौशल्य हा पदार्थ निराळा. कुशल शब्दाची आपल्याकडील जुनी व्युत्पत्ति अशी कीं, जो कुश खुडून आणतो तो कुशल. दर्भाचें पातें धारदार. तें बोट न कापतां उपटावयाचें तर जोर कामास येत नाहीं, हात शहाणा असावा लागतो.

ह्या कसोटीवर चेंबरलेन यांचीच गोष्ट पाहण्यासारखी आहे. सात फूट एक इंच उंचीचा हा महाबाहु. परंतु दंड म्हणून जो मोकळा चेंडू मिळतो, ज्याच्या आड कोणी येत नाहीं, तो टाकतांना त्यांची गाळण उडे. जन्मभरांत निम्म्याहून किंचित् अधिक, एवढेच त्यांचे नेम लागले. मात्र १९६१-६२ च्या हंगामांत त्यांनीं दोन्ही हातांनीं गुडघ्यांजवळून, खालून वर चेंडू सोडण्याची जुनी पद्धत धरली होती, आणि त्या शंभर गुणांच्या रात्रीं बत्तिसांपैकीं अठ्ठावीस मोकळे चेंडू टोपलींत पडले! पुढें त्यांनीं ती पद्धत सोडली. कां, तर तशी फेंक बायकी दिसते म्हणून, हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. रिक बॅरी यांनीं लोकांच्या हंसण्याची पर्वा केली नाहीं. ते शेवटपर्यंत तसेच फेंकीत राहिले व शंभरांत सुमारें नव्वद नेम साधीत गेले. उंची देवानें दिली, बळ देवानें दिलें, आणि जें स्वतः मिळवावयाचें तें लाजेपायीं टाकून दिलें! आम्हांस तर वर्गांतील कित्येक हुशार मुलें आठवलीं.

नातवाचा पक्ष स्टीफन करी. तसबिरींत त्याचें ठिकाण शोधीत न बसतां त्यानें मुखोद्गत माहितीच सांगण्यास आरंभ केला. उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे ह्या मंडळींत ठेंगणाच. शाळेंत असतां अंग किरकोळ, चेंडू कमरेपासून सोडण्याची खोड. वडील डेल करी हेही नामांकित खेळाडू. त्यांनीं एका उन्हाळ्याच्या सुटींत मुलाचा हात मुळापासून बदलावयास लावला. तोंवर जमत असलेलेंही जमेना, आणि मुलगा अगदीं रडकुंडीस आला. मोठ्या विद्यापीठांनीं विचारलें नाहीं, तेव्हां डेव्हिडसन ह्या लहान महाविद्यालयांत गेला. आणि १४ डिसेंबर २०२१ रोजीं दुरून टाकलेल्या तीन-तीन गुणांच्या चेंडूंचा २,९७३ चा जुना उच्चांक त्यानें ओलांडला. ह्याच डेल करींच्या शार्लट येथील संघांत मग्सी बोग्ज होते, उंची पांच फूट तीन इंच. १९८७ पासून ते चौदा हंगाम खेळले. हें सांगतांना नातवाचा आवाज किंचित् चढला. त्याची आई आमच्याकडे पाहूं लागली. आम्ही तसबिरींकडे पाहूं लागलों.

सूनबाई नागपुरास महाविद्यालयांत असतां हा खेळ खेळलेल्या आहेत, म्हणून त्यांचें मत आम्ही मुद्दाम विचारलें. त्या म्हणाल्या, "मामंजी, चेंडू टाकणें हें अर्धें कौशल्य. उरलेल्या चौघांपैकीं कोण कोठें आहे, आणि पुढच्या क्षणीं कोठें असेल, हें दिसणें हें दुसरें अर्धें." त्यांनीं नांव घेतलें तें सर्बियाच्या सोंबोर गांवच्या निकोला योकिच याचें. उंची सहा फूट अकरा इंच खरी. पण उडी बेताची, धांव संथ, म्हणूनच २०१४ च्या निवडींत तो एकेचाळिसाव्या क्रमांकावर गेला. नंतर २०२१, २०२२ व २०२४ ह्या तिन्ही सालीं उत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे आला, तो बहुतांशीं साथीदारांस नेमक्या जागीं चेंडू पोहोंचविण्याच्या जोरावर. ह्याला उत्तर देणें आम्हांस कठीण गेलें. तरीही मत मागाल तर आम्ही करीच्याच बाजूस झुकतों. उंचींतून सहा इंच वजा केले असतां ज्याचें काम सर्वांत कमी अडेल, तो आमच्या मतें सर्वांत कुशल. योकिचची नजर शाबूत राहील, पण टोपलीजवळचें त्याचें राज्य राहणार नाहीं. सूनबाईंस हा निकाल मान्य नाहीं, आणि त्यांनीं परतीच्या वाटेवर आमच्या युक्तिवादांतील दोन छिद्रें दाखविलीं, तीं येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

नेस्मिथांची मूळ व्यायामशाळा आतां उभी नाहीं. ती शिक्षणशाळा मात्र स्प्रिंगफील्ड महाविद्यालय ह्या नांवानें आजही चालते. वेळ असल्यास तेथवर जाऊन यावें. आम्हांस तो मिळाला नाहीं, कारण नातू तळमजल्यावरच्या क्रीडांगणांतून हलावयास तयार होईना. तेथें तो आपला उजवा कोंपर आंत घेऊन, चेंडू कपाळाच्या वरून सोडण्याचा अभ्यास करीत होता. पहिले आठ-दहा चेंडू कड्याला लागून परत आले. जवळच एक उंच मुलगा धडाधड गोल करीत होता. आमच्या चिरंजीवांनीं हळूच सुचविलें कीं, जुन्याच पद्धतीनें टाक, निदान दोन तरी जातील. नातवानें मान हलविली आणि पुन्हां कोंपर आंत घेतला. दरवाजे बंद होण्याची सूचना झाली तेव्हां त्याचे तिसांपैकीं सात गेले होते. आकडा त्यानेंच मोजून ठेविला होता, आणि मोटारींत बसतांच आईच्या चोपडींत तारखेसह लिहूनही ठेविला.