छत्तीस अंश तीस मिनिटे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपल्याकडील मुलांना ठाऊक असते. मात्र त्या मुक्तीपूर्वी सत्तरएक वर्षे तडजोडींचा जो खटाटोप चालला, तो पाठ्यपुस्तके दोन ओळींत उरकतात. इतिहास शिकवताना मी त्या दोन ओळींपाशी नेहमीच थांबतो.

१७८७ च्या अमेरिकन घटनेत ‘गुलाम’ हा शब्दच नाही. ‘इतर व्यक्ती’ असा सोवळा शब्द तेथे आहे. प्रतिनिधींच्या जागा ठरविताना या व्यक्तींच्या संख्येचे तीन-पंचमांश धरायचे, असे ठरले. मताधिकार त्यांना नव्हताच. त्यांच्या डोक्यांवर मालकांचे वजन तेवढे वाढले. १८२० मध्ये मिसुरी गुलामीचे राज्य आणि मेन मुक्त राज्य, असा तोल साधून छत्तीस अंश तीस मिनिटांच्या अक्षांशावर रेषा ओढण्यात आली. पश्चिमेकडील उरलेल्या प्रदेशात तिच्या उत्तरेस गुलामीला मज्जाव झाला. माणसाचे माणूसपण नकाशावर मोजण्याचा हा प्रकार चौतीस वर्षे टिकला.

१८५० ची तडजोड मला सर्वांत बोलकी वाटते. कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले; त्याच्या मोबदल्यात पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा कठोर झाला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर आणि सोडल्यास पाच! या कायद्याने उत्तरेतील सामान्य नागरिकालाही शिकारीत सामील व्हायला लावले. जे आजवर तटस्थ होते, त्यांच्या दारात गुलामी येऊन उभी राहिली. शांततेसाठी केलेल्या कायद्यानेच शांतता मोडली.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुनी रेषा पुसली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निर्णय दिला.

काही इतिहासकार म्हणतात, त्या पिढीचे नेते शहाणे असते तर युद्ध टळले असते. मला हे पटत नाही. एकदा नववीतील एका मुलीने विचारले, “सर, युद्धात सहा लाखांहून जास्त माणसे मेली. तडजोड झाली असती तर ती वाचली नसती का?” प्रश्न सोपा नव्हता. मी फळ्यावर दुसरा आकडा लिहिला : १८६० च्या जनगणनेतील गुलाम, सुमारे साडेएकोणचाळीस लाख. मग डिसेंबर १८६० मधील क्रिटेंडन यांचा प्रस्ताव सांगितला. तीच रेषा पॅसिफिकपर्यंत न्यायची आणि पुढे कधीच बदलता येणार नाहीत अशा दुरुस्त्यांनी गुलामीला संरक्षण द्यायचे. या लाखोंपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते. मुलगी बराच वेळ दोन्ही आकडे पाहत राहिली.

गुलामीचा विस्तार मान्य करण्यास लिंकन यांनी नकार दिला आणि तो प्रस्ताव बारगळला. तरीही मार्च १८६१ मध्ये काँग्रेसने आणखी एक दुरुस्ती संमत केली : राज्यांतील गुलामीला संघराज्याने कधीही हात लावू नये. पुरेशा राज्यांनी मान्यता दिली असती, तर ती घटनेची तेरावी दुरुस्ती ठरली असती. १२ एप्रिलला फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या. १८६५ मध्ये जी तेरावी दुरुस्ती घटनेत आली, तिने गुलामी नष्ट केली.