बर्फाची वाट पाहणारे

पांढऱ्या कागदावर पांढरे अस्वल काढायचे झाले, तर अस्वल काढायचेच नसते. त्याच्या भोवतीचे सगळे रंगवायचे असते. गेली वीस-बावीस वर्षे मी मुलांना हे सांगत आले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोकांना वाटते, बाई मोठ्या विदुषी असतील. पण पोट चालते ते शाळेतल्या चित्रकलेच्या तासावर. त्या तासाला अस्वलाशेजारी एक पेंग्विन हटकून उभा असतो. अस्वल उत्तरेचे, पेंग्विन दक्षिणेचा, दोघांची जन्मात गाठ पडत नाही, असे कितीही सांगितले तरी मुले ऐकत नाहीत. त्याला एकट्याला करमणार नाही म्हणतात.

असे हे कागदावरचे अस्वल प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तो धाकट्या भावामुळे. तो कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला असतो. 2024 साली दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढ म्हणून त्याने तिकीटच पाठवले. खर्चाचा आकडा त्याने मला अखेरपर्यंत सांगितला नाही, यावरून तो किती असेल याची कल्पना मी केली.

विनिपेगहून चर्चिल नावाच्या गावी जायचे. हा चर्चिल म्हणजे आपल्याला ठाऊक असलेला विन्स्टन नव्हे. त्याचा पूर्वज जॉन चर्चिल. तो हडसन्स बे कंपनीचा गव्हर्नर होता, आणि फरच्या व्यापाराच्या काळात त्याचे नाव इथल्या नदीला आणि गावाला मिळाले. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमानाने जा, नाहीतर आगगाडीने. आम्ही आगगाडीने गेलो. सुमारे 1,700 किलोमीटर, दोन रात्री. गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, कारण रूळ गोठलेल्या जमिनीवर टाकलेले आहेत आणि ती जमीन खालून हलत असते. 2017 सालच्या पुरात रूळ वाहून गेले, तेव्हा जवळजवळ दीड वर्ष गाडीच नव्हती.

पण मला त्या संथपणाचा कंटाळा आला नाही. खिडकीतून झाडे हळूहळू लहान होत गेली. आधी माडाएवढी, मग पोफळीएवढी, मग पुरुषभर. चर्चिलजवळची झाडे तर एकाच अंगाला फांद्या असलेली. समुद्रावरच्या वाऱ्याने दुसरी बाजू साफ खरडून काढलेली. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे झाड काढले असते तर मी त्याला दुसरी बाजू पुरी करायला लावली असती.

गावाची वस्ती 2021 च्या शिरगणतीप्रमाणे 870. माणसे मोटारींची दारे कुलपाविना ठेवतात. कोणाला अस्वल आडवे आले तर त्याने जवळच्या मोटारीत शिरावे, एवढ्यासाठी. गावात घुसलेल्या अस्वलांना ठेवायला जुन्या लष्करी इमारतीत 28 कोठड्यांचा चक्क तुरुंग आहे. कैद्याला पाणी मिळते, अन्न नाही. गावात आले की जेवायला मिळते असा धडा त्याने घेऊ नये, हा हेतू. खाडी गोठली की त्याला सोडून देतात, किंवा त्याआधीच बेशुद्ध करून हेलिकॉप्टरने लांब नेऊन ठेवतात.

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. भावाने हॉटेलच्या न्हाणीघरात उटणे लावून आंघोळ केली. कारीट कुठून मिळणार? फळांच्या टोपलीतले एक द्राक्ष त्याने डाव्या अंगठ्याखाली चिरडले आणि "गोविंदा" म्हणून असा ओरडला की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंत ठोठावली. आणि योगायोग असा, की त्याच दिवशी, 31 ऑक्टोबरला, तिकडच्या मुलांचा हॅलोविनचा सण. भुताखेतांची सोंगे घेऊन मुले दारोदार खाऊ मागत हिंडतात. चर्चिलमध्ये त्या संध्याकाळी वनरक्षक, पोलीस, आगीचे बंब सगळे गावाच्या कडेने पहारा देतात. भुताचे सोंग घेणाऱ्यांनाही पांढरी चादर पांघरायला मनाई. अंधारात माणूस कोणता आणि अस्वल कोणते हे कळायला हवे ना! नरकासुराच्या वधाच्या दिवशी मी ही भुते हसतखिदळत जाताना पाहिली. त्यांच्या पलीकडे एक माणूस खांद्याला बंदूक लावून पाठमोरा उभा होता, काळोखाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी लहान विमानाने आम्ही उत्तरेकडच्या किनाऱ्यावरील एका निवासात गेलो. बहुतेक प्रवासी उंच चाकांच्या प्रचंड गाड्यांत बसून अस्वले पाहतात. इथे मात्र पायी जायचे. वाटाड्याने नियम सांगितले: एकामागे एक चालायचे, रांग मोडायची नाही, आवाज चढवायचा नाही आणि काहीही झाले तरी पळायचे नाही. त्याच्या खांद्याला बंदूक होती. पण मला जास्त विश्वास वाटला तो त्याच्या खिशातल्या दोन गुळगुळीत दगडांचा. अस्वल फार जवळ आले तर आधी शांतपणे बोलायचे, मग दगडावर दगड आपटायचा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते, म्हणाला.

बर्फाळ प्रदेश म्हणजे पांढराशुभ्र, अशी माझी समजूत होती. खाली पाहिले तर तांबडी, किरमिजी, गंजलेली जमीन. विळखा घालून बसलेली खुरटी झुडुपे. खडकांवर शेंदरासारखे दगडफूल. बर्फ कुठेकुठे, धुणे वाळत घालावे तसे. आणि समुद्रालगत, वाळलेल्या शेवाळाच्या ढिगावर, एक मोठा पिवळसर धोंडा. त्या धोंड्याने मान उचलली.

ते पांढरे नव्हते. थंडीत गोठलेल्या गाईच्या तुपाचा रंग असतो ना, तो. त्याच्या केसांना स्वतःचा रंगच नसतो. केस पोकळ आणि पारदर्शक, आणि आतली कातडी काळी. मी खडूची पेटी घेऊन बसले असते तर पांढरा खडू सगळ्यांत शेवटी उचलला असता.

ते उठले, आळस दिला आणि आमच्याकडे चालत आले. घाई नाही, राग नाही. पावले आत वळवून, एखादा भारदस्त गृहस्थ जेवण झाल्यावर अंगणात येरझारा घालतो तसे. जेवण मात्र त्याचे चार महिन्यांत झालेले नव्हते. वाटाड्या हलक्या आवाजात त्याच्याशी बोलू लागला, जसे आपण दारात आलेल्या परक्या गाईशी बोलतो. पन्नास-साठ पावलांवर ते थांबले. नाक वर करून आमचा वास घेतला. वाटाड्याने दगड आपटले, टक् टक्. अस्वलाने आमच्याबद्दल काय ठरवले कोण जाणे. वळले आणि परत शेवाळावर जाऊन पसरले. माझे गुडघे मला त्यानंतर कापताना जाणवले.

मग आम्ही खडकाच्या आडोशाला कितीतरी वेळ नुसते उभे होतो. वाटाड्या सांगत होता. हडसनची खाडी उन्हाळ्यात पूर्ण वितळते. मग अस्वलांना किनाऱ्यावर यावे लागते, कारण त्यांचे अन्न म्हणजे सील, आणि सील पकडायचा तर पायाखाली बर्फ हवा. ती चर्चिलकडे जमतात ती गोड पाण्यासाठी. नदीचे पाणी खाडीत येते ते खाऱ्या पाण्याआधी गोठते. गाभण माद्या तर नोव्हेंबरातही बर्फावर जात नाहीत. जमिनीत बीळ करून तिथेच वितात, पिल्लांना पाजतात, आणि आठ-आठ महिने अन्नाचा कण घेत नाहीत. आपल्याकडे उपवासाला निदान साबुदाणा असतो!

पूर्वीपेक्षा बर्फ आता सुमारे तीन आठवडे आधी फुटतो. एवढ्याने काय होते, असे तुम्ही म्हणाल. या किनाऱ्यावरच्या वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून केलेला एक अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. कोणी बोरे खाल्ली, कोणी पक्षी, कोणी नुसती पडून राहिली. पण वीसांपैकी एकोणीस अस्वले वाळत गेली, दिवसाला सरासरी किलोभर. ऐंशीच्या दशकात खाडीच्या या पश्चिम बाजूला बाराशेच्या आसपास अस्वले होती. 2021 च्या मोजणीत 618 भरली. 1973 साली पाच देशांनी ऑस्लोला करार करून त्यांची शिकार आवरली, ते चांगलेच झाले. पण कोण्या शिकाऱ्याला बंदूक खाली ठेव म्हणता येते. बर्फाला लवकर गोठ म्हणता येत नाही.

भाऊ हे सगळे ऐकत होता की नाही, कोण जाणे. तो त्या पडलेल्या अस्वलाकडे पाहत होता. मग एकाएकी, नियमाप्रमाणे हळू आवाजात, त्याने विचारले,

"ताई, आई शेवटी काही म्हणाली होती का गं?"

आई 2021 च्या मे महिन्यात गेली. विमाने बंद, वाटा बंद. तो येऊ शकला नाही. साडेतीन वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते, आणि मीही आपणहून सांगितले नव्हते. विनिपेगच्या ऊबदार घरात आठ दिवस आम्ही समोरासमोर बसून जेवलो, तिथेही नाही. इथे, अंगभर लोकर गुंडाळून, शेजारी बंदूकधारी माणूस उभा असताना त्याला विचारता आले.

"तुझं नाव घेत होती," मी म्हटले.

"म्हणजे काय म्हणाली?"

मी थोडा वेळ गप्प राहिले. खोटे गोड बोलता आले असते. कादंबरीत मी ते कितीदा केले आहे.

"तिला वाटत होतं तू शाळेतून आलायस. मला विचारलंन्, त्याला जेवायला वाढलंस का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"वाढलं म्हटलं. जेवतोय म्हटलं."

तो काही बोलला नाही. तिथल्या थंडीत डोळ्यांतले पाणी पापण्यांवरच घट्ट होते, आणि ते पुसायचे तर आधी जाड हातमोजा काढावा लागतो. तो हातमोजा काढायला त्याला बराच वेळ लागला. वाटाड्याला मराठी येत नव्हते. तरी तो दोन पावले बाजूला सरकला.

मग अस्वल पुन्हा उठले. या वेळी आमच्याकडे पाहिलेही नाही. भरतीच्या रेषेपर्यंत गेले. तिथे पाण्यावर सायीसारखा पातळ बर्फ धरला होता. त्याने पुढचा पंजा त्यावर ठेवला आणि हळूच भार दिला. साय फाटली. त्याने पंजा उचलला, झटकला, चार हात पुढे जाऊन पुन्हा ठेवला. पुन्हा फाटली. असे पाच-सहा वेळा झाले. मग ते माघारी आले, शेवाळाचा ढीग पंजाने सारखा केला आणि वाऱ्याकडे पाठ करून निजले.

वाटाड्याने परत फिरायची खूण केली. आम्ही रांग धरली. येताना भाऊ माझ्या पुढे होता. आता तो मागे झाला, कारण वारा मागून येत होता.