उजनीच्या पाण्यावरची शिकार

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण. तिथून आत वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस संपतो तिथे कुंभारगावचा काठ. आम्ही उजाडता उजाडता पोचलो तेव्हा मासेमारांच्या होड्या परतत होत्या. जाळ्यांतून चिलापी सोडवणं काठावरच चाललं होतं आणि बगळे अगदी जवळ उभे राहून आपला वाटा वसूल करत होते.

पाणी भीमेचं, तळं मात्र माणसाने केलेलं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि काठची गावं, मळे, देवळं बुडाली. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजूनही वर येतं. चिलापीही इथली नव्हे, मूळची आफ्रिकेची. तिने गावठी माशांना मागे सारलं, पण मासेमारांची चूल आज बरीचशी तिच्यावरच पेटते. अभयारण्याची शिस्त शोधणाऱ्याने इथे येऊ नये.

आमचा नावाडी घरचा मासेमार. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा दिसताच त्याने मोटार बंद केली आणि वल्हं घेतलं. "मोटार चालू ठेवली की उठत्यात सगळी," म्हणाला. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित येतात. पायांनी गाळ ढवळायचा, मान खाली घालून चोच उलटी धरायची आणि पाणी गाळून बारीक जीव टिपायचे. पिसांचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. थव्यातली करडी होती ती पिल्लं. पलीकडे हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब चरत होते.

पण मला भेटायचं होतं ते ऑस्प्रेला, मासे मारणाऱ्या शिकारी पक्ष्याला. पाण्यात रोवलेल्या एका वाशावर तो बसला होता. बराच वेळ नुसता बसून. मग उठला, हवेत एका जागी पंख मारत थांबला आणि पाय पुढे करून कोसळला. पाणी उसळलं, क्षणभर पक्षी दिसेना. वर आला तेव्हा पंजात भला मोठा मासा तडफडत होता. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं आणि तळव्यांना खरखरीत काटे असतात, त्यामुळे निसरडा मासा सुटत नाही. उडता उडताच त्याने माशाचं डोकं पुढे केलं, म्हणजे वारा कमी अडतो.

"आमच्या जाळ्यातला घेतला आसंल," नावाडी हसला. तक्रार नव्हती त्यात.

माणसाने बंदूक घेऊन बदकं मारण्याचे दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो शौक आवळला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद केली. पण शेजारच्या होडीतून आवाज आला, "दादा, जरा उडवा की, फोटो घेतो!" मोटार घुमली, चरणारा सगळा थवा उठला. दुसऱ्या होडीतून कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण चाललं होतं. याला पक्षीनिरीक्षण म्हणायची माझी तयारी नाही.

भिगवणला जरूर जा. रोहितांसाठी जानेवारीनंतर, तेही सकाळी. नावाड्याला ठरलेले पैसे खुशीने द्या, दुपारी चिलापी खा. फरसाण मात्र घरी ठेवा, आणि थवा उडवून दाखवा असं कुणालाही सांगू नका.