कर्लीच्या पाण्यावर उभ्यानं!

मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा नकाशा काढा पाहू! मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली सापडली? तिच्याही खाली देवबाग. वाळूची ही पट्टी इतकी चिंचोळी, की एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी! गावाच्या टोकाशी दोघांची गाठ पडते. तो संगम. पलीकडच्या तीरावर भोगवे, म्हणजे वेंगुर्ले तालुका.

याच नदीवर गेल्या जानेवारीत आम्ही चार मित्रांनी एक संध्याकाळ उभ्यानं काढली. हो, चक्क पाण्यावर उभं राहून! या खेळाला पॅडल बोर्डिंग म्हणतात. साधारण 10 ते 11 फूट लांब, अडीच फूट रुंद फळी आणि हातात एकच लांब वल्हं. आमच्या फळ्या हवेच्या होत्या, पण पंपानं भरल्यावर अगदी लाकडासारख्या टणक! फळीच्या पोटाशी माशाच्या परासारखं पातं असतं. त्यामुळे ती भरकटत नाही.

आधी अंगात लाइफ जॅकेट, मगच पाणी. सुरुवातीला फळीवर गुडघे टेकून बसायचं, मग हळूच उभं राहायचं. पाय मधोमध, दोन्हींत खांद्यांइतकं अंतर, गुडघे थोडे सैल. नजर मात्र समोर हं! सायकल शिकताना चाकाकडे पाहिलं की काय होतं, आठवतं ना? इथंही तेच. फक्त गुडघे फुटत नाहीत, नाकात पाणी जातं!

आम्हाला संगमावर जाऊन सूर्यास्त पाहायचा होता. निघणार तोच होडीवाले काका म्हणाले, ‘‘आज तिथी खंयची?’’

मावशीचा संकष्टीचा उपास होता, म्हणून चटकन सांगता आलं, ‘‘चतुर्थी!’’

काकांनी बोटं मोडली. ‘‘चार त्रिक बारा. बाराचो चौथो भाग तीन. तीन वाजता भरती पुरी झाली. आता वाजले साडेचार. पाणी समुद्राक वडता. संगमार जावचा नाय. वरच्या अंगाक जावा!’’

पाहिलंत? भरतीचं गणित तोंडी! समुद्राजवळच्या नदीत भरतीच्या वेळी पाणी उलटं, आतल्या बाजूला शिरतं आणि ओहोटीला समुद्राकडे धावतं. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज साधारण पाऊण तासानं उशिरा येते. म्हणून तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं.

‘‘वर काय बघायचं? चिखल?’’ आमच्यातला एक जण कुरकुरला. पण काकांपुढे बोलणार कोण! निघालो प्रवाहाविरुद्ध. खांदे भरून आले, पण गंमतही वाटू लागली. काठाला कांदळवन होतं. त्याची मुळं पाण्याबाहेर, जणू झाडं काठ्यांवर उभी! इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खंड्या पक्षी अगदी जवळ जाईपर्यंत उडाला नाही.

सूर्य कलला तसे मागे वळलो. कुरकुरणाऱ्यानं वल्हं मांडीवर घेतलं आणि तो नुसता बसून राहिला. तरी फळी चाललीच! काठावरचे माड एकेक करून मागे पडू लागले. शेजारून नारळाचं एक सोडण तरंगत समुद्राकडे निघून गेलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. संगमावर गेलो असतो, तर दमलेल्या हातांनी याच ओढीशी झगडत परतावं लागलं असतं. आणि हात थकले असते तर? पुढे अख्खा समुद्र! कुरकुरणारा आता एकदम गप्प. काका काठावर उभे होतेच. चारी फळ्या त्यांनी मोजून घेतल्या.

तेव्हा लक्षात ठेवा दोस्तांनो, जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. वारा वाढला तर फळीवर खाली बसा. पावसाळ्यात मात्र नदीच्या वाटेला जाऊच नका.

आता घरातलं कॅलेंडर पाहा आणि उद्याच्या तिथीवरून कोकणातली भरती काढा बरं! हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं. म्हणून गणित घरी करा, पण पाण्यात उतरण्याआधी तिथल्या होडीवाल्या काकांना विचाराच!