माहेरचं नाव

फलटणच्या एसटीत शेजारच्या आजींनी कंडक्टरपुढे पैसे धरले, तेव्हा पदर सरकला आणि कोपराखाली गोंदलेलं एक नाव दिसलं. वाकड्या अक्षरांचं, हिरवट पडलेलं. सैल कातडीबरोबर काना लवला होता. अनुस्वाराचा ठिपका पसरून तिळाएवढा झाला होता.

"लेकीचं नाव का, आजी?"

"न्हाई गं. माजंच. म्हायेरचं."

लग्नाच्या आधी जत्रेत गोंदून घेतलेलं. सासरी नाव बदलणार, हे ठरलेलंच होतं. वाचता येतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "वाचाया कशाला पायजे? काय लिवलंय ते मला ठावं हाय की."

जुन्या बायका म्हणत, मेल्यावर सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. जिवंतपणी ते कसं टिकतं, हे मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं. कातडीतल्या पेशी शाई गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी उचलतात. आजींच्या हातातही असंच होत असेल, तर ते नाव इतकी वर्षं एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत जात आलंय.

लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सगळे हौसेनं वाकून बघतात. मला तो विधी कधीच आवडला नाही. माझ्या आजीचं नावही असंच तांदळात बदललेलं. जुनं नाव काय होतं, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी तिचा थोरला भाऊ आला. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच त्यानं कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली. मला वाटलं, म्हातारबाबा घर चुकले. तेवढ्यात गुडघ्यांमुळे एरवी भिंत धरून चालणारी माझी आजी, परातीतलं पीठ तसंच टाकून, स्वयंपाकघरातून अक्षरशः धावत आली. "आले, दादा!" हा तिचा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. जरा अल्लड, जरा लाडका. दोघं ओसरीवर बसून तासभर एका विहिरीबद्दल आणि एका खोंडाबद्दल बोलत होती.

दिवेलागणीला तो गेला. आतून पणजीनं हाक मारली, नेहमीच्या नावानं. आजी उठली, भिंत धरून आत गेली. दाराच्या चौकटीवर तिच्या पिठाळ बोटांचे चार ठसे तेवढे राहिले होते.