खंदकापलीकडचे शेजारी

दिल्ली पाहावयास जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा घरूनच ठरून आलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, हुमायूनची कबर, आणि उरलेल्या वेळात करोलबाग किंवा चांदणी चौकातील खरेदी. या यादीत प्राणिसंग्रहालयास जागा मिळते ती मुलांच्या हट्टामुळे. मोठ्या माणसांनी, तेही मुले बरोबर नसताना, वाघसिंह पाहण्यात दिवस घालवावा, हे आपल्याकडे थोडे पोरकटपणाचे समजले जाते. डिसेंबर 2024 मध्ये आम्ही उभयतांनी रजेतील एक संपूर्ण दिवस मथुरा रोडवरील या उद्यानासाठी राखून ठेवला, तेव्हा ज्या नातलगांकडे आम्ही उतरलो होतो त्यांनाही नवल वाटले. परंतु त्या दिवसाने जे दाखविले ते केवळ करमणुकीच्या सदरात मोडणारे नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या उद्यानाचे अधिकृत नाव 'राष्ट्रीय प्राणी उद्यान' असे आहे. दिल्लीकर मात्र त्याला 'चिडियाघर' एवढेच म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेवढेच सांगावे लागते. शब्दशः पाहिले तर चिडियाघर म्हणजे पाखरांचे घर. वाघ, गेंडे आणि हत्ती ठेवलेल्या जागेस हे नाव का, असा प्रश्न पत्नीने वाटेतच काढला. त्याचे उत्तर दुपारी मिळावयाचे होते.

जागेची निवड मोठी रसिकतेने झाली आहे. उत्तरेस पुराना किल्ल्याची प्रचंड तटबंदी उभी आहे. याच परिसरात हुमायूनने 1533 मध्ये आपले 'दीनपनाह' नगर वसविण्यास आरंभ केला, शेरशहाने ते जिंकून घेतले, आणि 1556 मध्ये जिन्यावरून पडून हुमायूनचा अंत झाला तोही येथेच. उद्यानाच्या आवारात मोगलकालीन कोसमिनार आहे. हमरस्त्याने जाणाऱ्या काफिल्यांना अंतर कळावे म्हणून कोसाकोसावर उभारलेल्या मिनारांपैकी हा एक. जवळच अजीमगंज सराईचे अवशेषही आहेत. म्हणजे ज्या भूमीवर आज दूरदूरचे प्राणी वस्तीस आहेत, तेथे पूर्वी दूरदूरचे प्रवासी रात्रीपुरता मुक्काम करीत. फरक इतकाच की, ते प्रवासी पहाट होताच आपल्या वाटेने निघून जात.

स्वतंत्र भारताच्या राजधानीत एक चांगले प्राणिसंग्रहालय असावे, हा विचार 1952 मध्ये भारतीय वन्यजीव मंडळाने पुढे आणला. आराखड्याच्या कामी प्रथम सिलोनच्या प्राणिसंग्रहालयाचे मेजर वाइनमन यांचे साहाय्य झाले व पुढे हॅम्बुर्गच्या हागेनबेक संस्थेचे. सुमारे 176 एकरांच्या या उद्यानाचे उद्घाटन 1 नोव्हेंबर 1959 रोजी झाले, आणि ते करणारे केंद्रीय कृषिमंत्री होते आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. विदर्भात शिक्षणाची गंगा खेड्यापाड्यांत नेणारे म्हणून आपण भाऊसाहेबांना ओळखतो. दिल्लीच्या वाघसिंहांशी त्यांचे नाव जोडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

हागेनबेक या नावाशी थोडे थांबावयास हवे, कारण उद्यानाचे सारे मर्म त्यात आहे. कार्ल हागेनबेक हे हॅम्बुर्गचे प्राण्यांचे व्यापारी. लोखंडी गजांआड कोंडलेले जनावर पाहून प्रेक्षकाला त्या जनावराचे काहीच कळत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. कोणता प्राणी किती लांब व किती उंच उडी मारू शकतो याचे मोजमाप करून त्यांनी गजांच्या जागी खंदक आणले. 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ त्यांनी अशा पद्धतीचे उद्यान उघडले व जगभर त्याचे अनुकरण झाले. प्राणी मोकळ्या जमिनीवर, झाडाखडकांत वावरतो; मध्ये खोल खंदक असतो; आणि प्रेक्षक अलीकडच्या कठड्याशी उभा राहतो.

आमच्या पिढीने लहानपणी राणीच्या बागेत किंवा पुण्याच्या पेशवे पार्कात जी जनावरे पाहिली, ती गजांमधून. गजांपाशी उभे राहिले की, माणसाला एक प्रकारचा धीटपणा येतो. तो शेंगा फेकतो, काठी आपटतो, आरोळी ठोकतो. खंदकाने हा सारा हिशेब बदलला आहे. येथे प्राणी दिसेलच अशी खात्री कोणी देत नाही. त्याची मर्जी असेल तर तो समोर येईल, नसेल तर झुडपाआड पडून राहील. पाहणाऱ्याला थांबावे लागते. प्रदर्शनातील वस्तू आणि शेजारचा जीव यांत जे अंतर आहे, ते खंदकाने दाखवून दिले आहे.

सगळ्यांनाच हे मानवते असे नाही. वाघाच्या आवारापुढे त्या दिवशी चांगलीच गर्दी होती. वाघ मागील बाजूस उन्हात पाठ शेकत पडला होता. शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. एका गृहस्थाने मुलाला खांद्यावर घेऊन, "उठ म्हण त्याला, उठ म्हण!" असा आग्रह चालविला होता. मुलगा मात्र काही बोलेना. बऱ्याच वेळाने तो हळूच वडिलांना म्हणाला, "झोपू दे ना त्याला." पत्नी शाळेत शिक्षिका आहे. ती पुटपुटली, "या बागेचे पुस्तक लिहायचे झाले, तर त्यात पहिला धडा हाच घालावा."

पांढरा वाघ हे येथील मोठे आकर्षण. त्याची कहाणी रीवा संस्थानातून सुरू होते. 1951 मध्ये महाराजा मार्तंडसिंह यांनी तेथील जंगलात पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला. त्याचे नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिले पिवळीच निपजली. पुढे त्याच्याच एका मुलीशी त्याची जोडी लावण्यात आली, आणि 1958 मध्ये पांढरी पिले जन्मास आली. त्यांतील राजा व राणी ही जोडी दिल्लीच्या उद्यानात आली. मोहिनी 1960 मध्ये अमेरिकेत गेली व तेथे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या भेटीसही तिला नेण्यात आले. जगातील प्राणिसंग्रहालयांत आज दिसणाऱ्या पांढऱ्या वाघांचे मूळ बहुतांशी या एकाच मोहनाशी जाऊन पोचते.

ही कहाणी ऐकावयास सुरस असली तरी तिला दुसरी बाजू आहे. पांढरा वाघ ही वाघाची वेगळी जात नव्हे. आई व बाप या दोघांकडूनही तो दुर्मीळ गुण आला, तरच रंग पांढरा होतो. हा रंग टिकविण्याच्या हौसेपायी जवळच्या नात्यातील जोड्या पुनःपुन्हा लावल्या गेल्या. त्यातून अशा वाघांत व्यंगे उद्भवली. माणसाला नवलाची वस्तू पाहावयाची असते, आणि त्या नवलाची किंमत मोजतो तो मुका जीव. कठड्याशी उभे राहून त्या देखण्या जनावराकडे पाहताना हा विचार मनातून जात नाही.

मात्र प्राणिसंग्रहालय म्हणजे निव्वळ हौस, असा निष्कर्ष काढणेही अन्यायाचे होईल. मणिपूरचा संगाई हा हरिणवर्गातील सुंदर प्राणी येथे पाहावयास मिळतो. लोकटाक सरोवरावरील तरंगत्या गवताळ थरांवर राहणारा हा प्राणी 1951 मध्ये नामशेष झाला असे मानले गेले होते. दोनच वर्षांनी तो पुन्हा आढळला खरा. परंतु 1975 च्या मोजणीत अवघे 14 संगाई भरले. एखादा साथीचा रोग किंवा मोठा पूर एवढेही त्यांना संपविण्यास पुरेसे होते. अशा वेळी मूळ ठिकाणापासून दूर, सुरक्षित जागी त्या जातीची वीण राखून ठेवणे, हे शहाणपणाचे काम ठरते, आणि दिल्लीच्या उद्यानाने त्यास हातभार लावला आहे. आज लोकटाकच्या काठी संगाई शेकड्यांनी मोजले जातात. पाटीवरील ही माहिती वाचण्यास गर्दीतील फारसे कोणी थांबत नव्हते. वाघापुढील कोलाहलानंतर तेथील शांतता मात्र सुखाची वाटली.

यानंतर आम्ही शंकरच्या आवारापाशी आलो. शंकर हा आफ्रिकेचा हत्ती. 1998 मध्ये झिंबाब्वेची भेट म्हणून तो लहान वयात, एका जोडीदारासह दिल्लीस आला. माजी राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. काही वर्षांतच जोडीदार गेला आणि शंकर एकटा राहिला. आफ्रिकी हत्तीचे रुंद, पंख्यासारखे कान आपल्याकडील हत्तीहून किती निराळे असतात, हे त्याच्याकडे पाहून मुलांना सहज समजे. पण हत्ती हा कुटुंबवत्सल प्राणी आहे. कळपात आजी, मावश्या, भावंडे यांच्या सहवासात त्याचे आयुष्य जाते; त्याचे सारे शहाणपण कळपाचे असते. त्याच्या पायातील साखळदंडांविषयी त्या वर्षी पुष्कळ टीका झाली होती आणि ते काढूनही टाकण्यात आले होते. आम्ही पाहिले तेव्हा तो सोंडेने धूळ घेऊन अंगावर उडवीत होता. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, याच्याशी याच्या भाषेत बोलणारे इथे कुणीच नाही का हो?" मी काय उत्तर देणार?

17 सप्टेंबर 2025 रोजी शंकर मरण पावला. त्याचे वय 29 वर्षांचे होते. हत्तीचे आयुष्य याच्या दुप्पट असू शकते. राष्ट्राने राष्ट्राला जिवंत प्राणी भेट देण्याची रीत फार जुनी आहे. आपल्याकडे पेशव्यांच्या शिकारखान्यातही अशा नजराण्यांची भर पडत असे. परंतु भेट स्वीकारणे म्हणजे त्या जीवाचे पुढील सारे आयुष्य स्वीकारणे होय, हा धडा शंकरने दिला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 मध्येच असे ठरविले होते की, हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून काढून अधिक मोकळ्या जागी न्यावे. निर्णय आणि त्याची अंमलबजावणी यांमध्ये एका हत्तीचे तारुण्य सरून गेले.

दुपारी आम्ही तळ्याच्या काठी येऊन बसलो आणि सकाळच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पाण्याच्या मध्यावरील झाडे शेकडो मोठ्या पक्ष्यांनी लगडून गेली होती. पिवळी लांब चोच, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी, आणि शेपटीजवळ गुलाल उधळल्यासारखी गुलाबी पिसे. हे चित्रबलाक, म्हणजेच रंगीत करकोचे. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर ज्यांनी हे पक्षी पाहिले असतील, त्यांना ओळख पटावयास वेळ लागणार नाही. पिलांचा कलकलाट अखंड चालला होता. आईबापांपैकी एकजण येई, घशातील मासे घरट्यात ओती, आणि पुन्हा यमुनेच्या दिशेने झेपावे.

या पक्ष्यांना येथे कोणी आणलेले नाही. उद्यान उघडल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1960 मध्ये, ते आपणहून आले आणि तेव्हापासून येत राहिले. ऑगस्टच्या मध्यास ते जमू लागतात, घरटी बांधतात, पिले वाढवितात, आणि मार्चपर्यंत निघून जातात. त्यांना खंदक नाही, जाळी नाही, तिकिटाच्या पाटीवर त्यांचे नाव नाही. वाघासाठी धावत आलेले प्रेक्षक या झाडांखालून मान वर न करताच जात होते. बागेतील सर्वांत मोठे नवल फुकट होते, म्हणूनच की काय, ते कोणाला दिसत नव्हते!

अर्थात मोकळ्या पक्ष्यांनाही माणसाच्या काळजीची गरज उरतेच. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस येथील रंगीत करकोच्यांत बर्ड फ्लूची लागण आढळली आणि उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले. यमुनेचे पाणी, त्यातील मासे, तळ्यातील झाडे, यांपैकी एक जरी बिघडले तरी हे पाहुणे दुसरी वाट धरतील. त्यांचे येणे हे या जागेला मिळालेले प्रशस्तिपत्रक आहे, आणि ते दरवर्षी नव्याने मिळवावे लागते.

दिल्लीस जाणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. शुक्रवारी उद्यान बंद असते. सकाळी लवकर जावे. थंडीच्या दिवसांत कोवळ्या उन्हाला प्राणी बाहेर येतात. अंतरे बरीच आहेत, म्हणून पायांत सोयीची पादत्राणे असावीत. वृद्धांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची सोय आहे. दुर्बीण असल्यास अवश्य न्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सारे काही एका दिवसात पाहून संपविण्याचा हट्ट धरू नये. चारच ठिकाणे निवडावीत, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास गप्प उभे राहावे.

प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत, हा वाद विद्वान करीतच राहतील. संगाईकडे पाहिले तर ती असावीत असे वाटते. शंकरची आठवण झाली की, मन कचरते. ज्यांना आपण ठेवून घेतले आहे त्यांना शेजाऱ्याचा मान द्यावा, आणि जे आपणहून येतात त्यांची वाट मोकळी ठेवावी, एवढे तरी प्रत्येकाच्या हातचे आहे. ऑगस्ट आला की, करकोचे पुन्हा तळ्यावरून घिरट्या घालतील. उतरावे की पुढे जावे, याचा निर्णय तेच करतील.